६४ टाके घातले, ७१ कसे झाले?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाळाच्या स्वेटरच्या पाठीसाठी सुईवर ६४ टाके घातले. १५ दिवसांनी मोजले तर ७१. मधल्या काळात मी एकही टाका मुद्दाम वाढवला नव्हता. सगळं उसवलं, पुन्हा ६४ घातले, त्या खेपेला ६७ झाले. तिसऱ्या खेपेला उलटंच, ६१. तीनदा उसवून लोकरीचा गुंडा केसाळ झाला होता आणि आई म्हणत होती, "बाई, तालुक्याले रेडिमेड भेटते."

हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांनी पहिल्यांदा सुया धरल्या आणि मफलर वगैरे सोडून थेट बाळाच्या स्वेटरला हात घातला. टाके आपोआप वाढतात, आपोआप गळतात, कापड एका अंगाला कलतं, या तक्रारीची कारणं मोजकीच आहेत. पण कोणतं कारण आहे हे ओळखता आलं नाही तर माणूस नुसता उसवतच बसतो. मी बसले होते.

थोडं आधीचं सांगते. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तारीख पौषातली. यवतमाळकडचं गाव म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. पौषात गव्हा-हरभऱ्याला रात्रीचं ओलीत करणाऱ्याला विचारा, थंडी काय असते ते. तेव्हा स्वेटर हवाच होता. आईचं म्हणणं, बाळ यायच्या आधी नवं कापड शिवू नये. शेवटी तोडही तिनेच काढली: विण, पण जोडू नको. नवशिक्याला ही अट सोयीचीच पडते, कारण पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या असे पाच सुटे तुकडेच विणायचे असतात. जोडणी नंतर.

पुढून उघडा स्वेटर मी मुद्दाम निवडला, खरं तर शेजारच्या बाईंनी निवडायला लावला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या तरी गाव त्यांना बाईच म्हणतं. त्यांचं गणित असं: जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतं, छाती त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. वर्षाचं होईपर्यंत डोकंच मोठं. आपण छातीच्या मापाने विणतो, गळा नाजूक ठेवतो, आणि मग स्वेटर कपाळावर अडकतो. लेकरू रडतं, आई घाबरते, स्वेटर पेटीत जातो. पुढून उघडा केला की हा प्रश्नच उरत नाही.

सुयांच्या नंबराचाही एक घोळ आहे. आपल्याकडच्या दुकानांत सुया जुन्या इंग्रजी नंबराने मिळतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. ऑनलाइन येणाऱ्या सुयांवर मात्र सरळ मिलिमीटर लिहिलेले असतात. माझ्या मामेबहिणीने "१०" वाचून मागवल्या आणि घरी आल्या त्या करंगळीएवढ्या जाड. त्यावर बाळाचा स्वेटर नाही, खाटेची नवार विणता आली असती.

माझ्या १० नंबरच्या सुईवर, मी घेतलेल्या लोकरीत, १० सेंटिमीटरला २६ टाके बसत होते. हे आधी एक हातभर नव्हे, वीतभर तुकडा विणून मोजायचं असतं. स्वेटर सहा महिन्यांच्या मापाचा धरला, म्हणजे थंडीभर चालेल. छाती ४३, वर पाचेक सेंटिमीटर ढिलाई, असे ४८. त्याची पाठ २४. म्हणजे ६२ टाके, आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईत एकेक टाका जातो म्हणून ६४. या आकड्याचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी असते (सुलट म्हणजे समोरून वेणीसारखा दिसणारा टाका, उलट म्हणजे समोर आडवी गाठ दिसणारा) आणि ६४ ला चारने भाग जातो. त्यामुळे प्रत्येक ओळ दोन सुलटने सुरू होते आणि दोन उलटवर संपते, मग सरळ बाजू असो की उलटी. ओळीच्या शेवटी दोन उलट हातात आले नाहीत तर त्याच ओळीत किंवा मागच्या ओळीत काहीतरी घडलेलं आहे. मला पाचव्या ओळीलाच शेवटी एक टाका जास्त आला होता. मी तो गुपचूप उलट विणून टाकला.

आणि स्वतःची समजूत कशी घातली तेही सांगते, कारण ही समजूत बहुतेक जणी घालतात. दोन सुलट-दोन उलटची पट्टी जात्याच आवळून बसते. तिच्यावर साधं विणकाम, म्हणजे एक ओळ सुलट, एक ओळ उलट, सुरू झालं की कापड रुंद दिसतंच. माझी पाठ वर वर रुंद होत गेली तेव्हा मी म्हटलं, पट्टी आवळली आहे, दुसरं काही नाही. टेप लावला तेव्हा शिलाईचे टाके धरून २४.५ च्या जागी २७ सेंटिमीटर भरलं. पट्टीमुळे पडणारा फरक पट्टी संपल्यावर दोन-चार ओळींत दिसतो आणि मग कड सरळ जाते. कड सतत बाहेर पळत असेल तर बहुधा टाकेच वाढताहेत.

चौथ्या खेपेला मी प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायला लागले. ओसरीवर बसून पुटपुटत होते. बाई आल्या आणि म्हणाल्या, "मोजून काय होते व? मोजून एवढंच कळते का चुकलं. कुठं चुकलं ते पाहा लागते." सुई हातात घेतली, उजेडाकडे धरली. "टाके नाही वाढले. तू वाढवून रायली."

मग त्यांनी मला टाका कसा ओळखायचा ते दाखवलं. यासाठी मी त्यांची आयुष्यभराची ऋणी आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. सुईवरचा खरा टाका घोड्यावर बसलेल्या माणसासारखा असतो, एक पाय सुईच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्ही पाय खाली एकाच टाक्यात उतरतात. तुमच्याकडे तोंड करून असलेला टाका उलट असेल तर त्याच्या गळ्यात आडवी पोत दिसते, धाग्याची छोटी आडवी गाठ. सुलट असेल तर गळा मोकळा, खाली वेणीच्या पेडासारखा आकार. एवढं ओळखता आलं की पुढची सगळी भुतं दिवसाउजेडी दिसतात.

माझं पहिलं भूत ओळीच्या पहिल्याच टाक्यात होतं. एक ओळ संपली, काम उलटवून डाव्या हातात घेतलं, आता सुलट सुरू करायचं. धागा पुढे लोंबतोय, तो मागे न्यायचा. मी तो सुईच्या वरून मागे खेचत होते. वरून खेचला की पहिला टाका ताणून सुईवर चढतो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे शेजारी शेजारी उभे दिसतात. नवशिकी काय करते? पहिला पाय विणते, मग दुसरा विणते. एकाचे दोन झाले. छिद्र पडत नाही, गाठ येत नाही, कड तेवढी बाहेर सरकते. माझ्या सातापैकी चार टाके असे कडेला जन्मले होते.

उपाय दोन सेकंदांचा आहे. काम उलटवलं की आधी धागा खाली ओढा, पहिला टाका नीट घोड्यावर बसवा, आणि मग धागा सुईच्या खालून मागे न्या. ओळ उलटची असेल तर तो पुढेच, खाली लोंबता राहू द्या. पहिल्या टाक्याखाली बोट लावून बघा: एकाच घरातून दोन पाय वर आलेले दिसले तर तो एकच टाका आहे, दोन नाहीत. मी आठवडाभर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला "खाली ओढ" असं मोठ्याने म्हणत होते. ताई हसायची. पण कड सरळ झाली.

दुसरं भूत पट्टीतलं. सुलटला धागा मागे हवा, उलटला पुढे. दोन सुलट झाले की धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा. तो मधून न आणता उजव्या सुईवरून आणला की सुईवर एक फुकटचा फेरा बसतो. पुढच्या ओळीत तो टाका समजून विणला जातो आणि खाली छिद्र पडतं. जाळीचं नक्षीकाम करणाऱ्या बायका हेच मुद्दाम करतात, म्हणून छिद्र दिसलं की काही जणी म्हणतात, नक्षी झाली. बाळाच्या स्वेटरला अशी नक्षी नको. बारकी बोटं त्यात अडकतात.

हा फेरा सापडला तर आनंद माना, कारण तो सगळ्यात सोपा. त्याला खाली पाय नसतात. तो सुईवर तिरपा पडलेला नुसता धागा असतो, गळ्यात पोत नाही, खाली वेणी नाही. त्याच ओळीत किंवा पुढच्या ओळीत दिसला तर सरळ सुईवरून ढकलून द्या. काही उसवायचं नाही. तेवढी जागा थोडी सैल दिसेल, धुतल्यावर बसेल.

तिसरं कारण जरा आपल्याकडचं आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर आम्ही कापूस वेचतो. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटांची पेरं खरवडून निघतात. संध्याकाळी त्या हातांनी मऊ लोकर धरली की तंतू अडकतो, धाग्याचे पेड सुटतात आणि सुई धाग्याच्या खालून न जाता पेडांच्या मधून जाते. अर्धा धागा एक टाका, अर्धा धागा दुसरा टाका. असा फाटका टाका ओळखायला सोपा, कारण तो बाकीच्यांपेक्षा बारीक आणि दोऱ्यासारखा दिसतो. परत मागे जाऊन पूर्ण धागा घेऊन विणायचा. मी रात्री झोपताना बोटांना खोबरेल लावायला लागले आणि विणायच्या आधी साबणाने हात धुवायला लागले. शिवाय गडद लोकर रात्री विणायची नाही, त्यातून लाइन गेली तर मोबाइलच्या उजेडात तर अजिबातच नाही. माझे सगळे फाटके टाके रात्रीचे आहेत.

टाके कमी का होतात? बहुतेक वेळा गळालेला टाका. तो कुठे तरी खाली शिडीसारख्या आडव्या पायऱ्या सोडून लटकत असतो. घाबरून काम ओढाताण करू नका. क्रोशाची सुई त्या लटकत्या टाक्यात घाला आणि एकेक पायरी त्यातून ओढत वर या. सुलट बाजू समोर ठेवली तर हे अगदी सरळ जमतं. टाका ओळीच्या शेवटी सुईवरून घसरलेला असेल तर त्याला बहुतेक घरातलंच कोणीतरी जबाबदार असतं. सुईच्या टोकाला रबर गुंडाळून ठेवा. आमच्या घरी लहान पुतण्या होता, त्याला सुया म्हणजे ढोल वाजवायच्या काड्या.

आणि टाके बरोबर ६४, तरी कापड एका बाजूला उंच? हे अर्ध्या ओळीत उठल्यामुळे होतं. कुकर झाला, दारात कोणी आलं, सुया खाली ठेवल्या, परत आल्यावर उलट्या हातात धरल्या आणि ज्या बाजूने आलो त्याच बाजूला परत विणत गेलो. एका अंगाला दोन ओळी जास्त होतात आणि मध्ये चीर पडते. खूण एकच लक्षात ठेवा: गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईवरच्या टाक्याला जोडलेला आहे ती सुई उजव्या हातात. बाईंचा नियम याहून कडक होता. ओळ संपल्याशिवाय उठायचंच नाही, पाहुण्यांना बसू द्या.

आता प्रश्न असा की चूक कळली तेव्हा किती उसवायचं. माझं मत स्पष्ट आहे. एखादाच टाका वाढलाय आणि दहा ओळी पुढे आला आहात, तर कडेपासून दोन टाके आत येऊन दोन टाके एकत्र विणा आणि विसरून जा. ती जागा शिलाईजवळ लपते. मात्र तीन-चारांहून जास्त वाढले असतील तर उसवा, कारण तिथे आकारच बिघडलेला असतो. आणि उसवण्याची भीती कमी करायची असेल तर दर दहा-बारा ओळींनी, टाके बरोबर आहेत याची खात्री झाली की, बोथट सुईत गोधडीचा जाड सुती दोरा ओवून तो सगळ्या टाक्यांतून आरपार ओढून ठेवा. रंग वेगळा हवा. पुढे काही बिघडलं तर सुई काढून बिनधास्त उसवत जा, कापड त्या दोऱ्यापाशी थांबतं. टाके त्यावर रांगेत बसलेले सापडतात, सुईवर परत चढवायचे, दोरा नंतर ओढून घ्यायचा. मोजायचा कंटाळा असेल तर सुईवर दर दहा टाक्यांनी दुसऱ्या रंगाच्या लोकरीची छोटी रिंग अडकवा. मग ६४ मोजायचे नसतात, दहा-दहाची सहा घरं आणि वरचे चार. कोणत्या घरात अकरावा पाहुणा आला तेही लगेच कळतं.

एक गोष्ट चूक नाही, पण तिच्यापायी स्वेटर वाया जातात. साध्या विणकामाच्या कडा आत गुंडाळल्या जातात. एका बाजूला सगळे सुलट, दुसऱ्या बाजूला सगळे उलट, असं कापड वळणारच. जोडल्यावर कडा सरळ होतात. आमच्याकडे एका काकूंनी त्या सपाट करायला गरम इस्त्री फिरवली आणि कापड लुळं पडलं, लवचीकपणा गेला तो गेलाच. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, तिला कडक इस्त्री सोसत नाही. खात्री करायची तर अंगणात चिमट्यात एक तुकडा धरून काडी लावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

हे नुसतं कुतूहलासाठी सांगत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, शेक असतो, ओव्याची धुरी असते. ठिणगी उडाली तर ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. आईने नियमच केला: शेगडी आत आली की स्वेटर बाहेर. शेकाला सुती झबलं आणि मऊ धोतराचा तुकडा. पांढऱ्या सोन्याच्या मुलखात सुती धाग्याचाच स्वेटर का नाही केला, असं ताईच्या सासऱ्यांनी विचारलंही. सुती धागा ताणत नाही, टाक्यांची प्रत्येक चूक दाखवतो. नवशिक्या हाताला तो दुसऱ्या स्वेटरपासून.

पौषात भाची आली. पाचवीच्या रात्री मी पाठ आणि पुढचे दोन भाग जोडले. बटणं चपटी घेतली, दुहेरी दोऱ्याने लावली आणि एकेक ओढून पाहिलं, कारण सैल बटण लेकराच्या तोंडात जातं. गळ्याच्या पट्टीचे टाके बंद करताना मी ८ नंबरची जाड सुई वापरली. बंद करताना नवशिक्याचा हात हमखास आवळतो, आणि सैल गळा परवडतो, काचणारा नाही.

बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या. बाही मनगटाशी ३६ टाक्यांनी सुरू होते आणि वर ४८ लागतात, म्हणजे दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा, असं सहा वेळा. मी सहाव्या ओळीवर आले, जुनी युक्ती आठवून धागा सुईवरून मागे खेचला, आणि माझा हात आपोआप तो खाली ओढून सरळ करून मोकळा झाला. टाके ३६ चे ३६. शेवटी बाईंकडे जाऊन मुद्दाम वाढवायचं शिकावं लागलं: कडेच्या टाक्यात सुई घाला, पुढून विणा, टाका डाव्या सुईवरून सोडू नका, त्याच टाक्यात मागच्या पायातून पुन्हा विणा, मग सोडा. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आता येऊन नाही रायले काय व?"